फ्लॅट शोधतायत, असं सांगू नका

भांडुप, मुंबई

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा दादरच्या काकीचा फोन आला होता. "मिळाला का गं फ्लॅट?" तिने अगदी मायेने विचारलं. आम्ही फ्लॅट शोधतोय आणि मिळेपर्यंत गाडीत राहतोय, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंय. आई, बाबा, आम्ही फ्लॅट शोधत नाही. भाड्याची जागा विचार करून सोडली. ही कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय केलेली गाडी, हेच आमचं घर आहे. चारचौघांत ते सांगताना तुम्हाला अवघड होत असणार, हे मला कळतं. फोनवर "जेवलात का, झोप लागते का" यापलीकडे बोलणं जात नाही, म्हणून आज बसून सगळं लिहितेय.

आधी जागेचं. आम्ही रस्त्याच्या कडेला झोपत नाही. मुंबईत ते जमणारही नाही. रात्री कुणी ना कुणी काच ठोठावतं, आणि मॉलच्या पार्किंगला उंचीचा दांडा आडवा येतो. ओळखीच्या एका वर्कशॉपच्या कंपाउंडमध्ये गाडी उभी असते. मालकांना महिन्याचे पैसे देतो, त्यात नळ, संडास आणि 15 अँपिअरचा एक प्लग मिळतो. रात्री वॉचमन असतो. जागा ठरवताना दोनच गोष्टी नीट पाहिल्या : पाणी तुंबत नाही ना, आणि डोक्यावर जुनं झाड नाही ना. परळला राहून हिंदमाताचं पाणी पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पावसाळाभर इथेच मुक्काम, नवरात्रानंतर पुन्हा फिरायला बाहेर.

आत साधारण 14 फूट बाय 6 फूट जागा आहे. मागे पलंग, त्याखाली कपडे आणि धान्याचे डबे, मध्ये ओटा, समोर बाक आणि घडीचं टेबल. त्या टेबलावर माझं ऑफिसचं काम चालतं.

आईला पाण्याची काळजी असणार. टाकी 100 लिटरची आहे. सकाळी नळाला पाणी आलं की पाइप लावून भरून घ्यायची, आपल्या चाळीत पिंप भरायचो तसंच. आंघोळ बादलीभर पाण्यात होते, कपडे लॉन्ड्रीत जातात. जपावं लागतं ते सांडपाणी. त्याची टाकी गाडीच्या पोटाखाली असते. भाताची शितं किंवा तेलाचा ओशटपणा तिच्यात गेला की दोन दिवसांत घरभर वास. म्हणून ताटं आणि कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेते आणि मगच पाणी लावते. मालकांनी दाखवलेल्या ड्रेनेजच्या चेंबरमध्येच ती टाकी रिकामी करतो, रस्त्यावर कधीच सोडत नाही.

संडासाचं बाबा विचारणार नाहीत, पण मनात असेलच. आत छोटा संडास आहे. त्याखालचा साधारण 20 लिटरचा डबा बाहेरच्या बाजूने ओढून काढता येतो. दोन-तीन दिवसांनी तो कंपाउंडमधल्या संडासात ओतून धुवायचा. एकदा नीलेश, एकदा मी. किळस पहिल्या महिन्यातच गेली.

गॅसचं मात्र नीट वाच, आई. सिलिंडर 5 किलोचा आहे आणि त्याचं कपाट वेगळं आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून कपाटाच्या तळाला हवेसाठी भोक आहे आणि गळतीचा अलार्म जमिनीलगत लावलाय. स्वयंपाक करताना खिडकी आणि छतावरचा पंखा दोन्ही चालू ठेवतो. गाडी हलण्याआधी सिलिंडर बंद झालाय ना, हे दोघांनी पाहायचं, असा नियमच केलाय.

विजेचं गणित उन्हावर आहे. छतावर 400 वॅटची सोलर पॅनेलं आहेत. बॅटरी 12 व्होल्टची, 200 अँपिअर-अवरची, म्हणजे पूर्ण भरली तर साधारण अडीच युनिटं. तेवढ्यात छोटा फ्रिज, पंखा, दिवे आणि लॅपटॉप दिवसभर निघतात. एसी तासाला युनिटभर खातो, त्यामुळे तो प्लगवरच चालवायचा. आषाढात आभाळ आठ-आठ दिवस भरलेलं असतं, तेव्हाही प्लगच कामाला येतो.

खरा त्रास ओलीचा आहे. ती इथली सर्वांत कठीण गोष्ट, आणि ती तुमच्यापासून लपवायची नाही. दोन माणसांचा श्वास, चहाची वाफ, बाहेर पाऊस आणि चारी बाजूंनी पत्रा. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ उतरतात. गादीखाली फळ्या ठेवून फटी सोडल्यात, तरी गादी रोज उचलून उभी करावी लागते, नाहीतर खालून काळी बुरशी धरते. छतावर जिथून वायरी आत येतात आणि जिथे पंखा बसवलाय, तिथलं सीलंट नीलेशने मे महिन्यातच खरवडून नवीन भरलं. तुमच्याकडे पावसाआधी कौलं चाळतात, तसं हे आमचं काम.

बाबा, कागदपत्रं नीट आहेत. गाडी आरटीओत मोटर कॅराव्हॅन म्हणूनच नोंदलेली आहे आणि विमाही तसाच आहे. सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते सहलीला निघणाऱ्यांसाठी. आमच्यासारख्यांचा पत्ता कुठला, हे कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. आधारवर आणि बँकेत गावचाच पत्ता आहे, त्यामुळे माझ्या नावाचं टपाल येईल ते उघडून मला फोटो पाठवा.

गणपतीला गाडी घेऊनच येतोय. कशेडीला आता बोगदा आहे, घाट चढावा लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. गाडी साडेनऊ फूट उंच आहे. फाटकाजवळच्या फणसाची खालची फांदी तेवढी छाटून घ्या. बाबा, शिडीवर तुम्ही चढू नका, गडी बोलवा.

परतताना तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर यायचं. बाबांचा मोतीबिंदू दाखवायचाय, तो किती दिवस लांबवणार? मागच्या दोन सीटना पट्टे आहेत. पलंग तुम्हाला, बाकाचा बिछाना करून आम्ही झोपू. आईच्या गुडघ्यासाठी नीलेश दाराशी लावायला रुंद लाकडी पायरी करतोय. तिची उंची किती ठेवायची ते घरच्या ओट्याची पायरी मोजून कळवा.

तुमची,
सुजाता