धरणफुटीच्या मॉडेलमध्ये आधी घड्याळ बघ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

धरणफुटीतल्या जीवितहानीच्या अंदाजासाठी तू मॉडेलची जाळी, म्हणजे प्रदेश ज्या चौकटींत विभागतो ती, बारीक करत बसला आहेस, असं पत्रावरून दिसलं. थोडा थांब. जाळी १० मीटरची ५ मीटर केल्यानं आकडा बहुधा फारसा हलणार नाही. इशारा अर्धा तास अलीकडे-पलीकडे केलास तर मात्र तो कुठल्या कुठे जाईल. १९७६ मध्ये अमेरिकेतलं टीटन धरण दिवसाउजेडी फुटलं. गळती आधीच दिसल्यामुळे लोकांना हलवता आलं आणि ११ माणसं दगावली. फ्रान्समधलं मालपासे १९५९ मध्ये रात्री, इशाऱ्याविना फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली.

म्हणून लाइफसिम या जीवितहानीचा अंदाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन विलंब वेगवेगळे भर: धोका कळल्यापासून इशारा निघेपर्यंतचा, इशारा कानावर पडेपर्यंतचा आणि ऐकून माणूस निघेपर्यंतचा. प्रत्येकाला एकच आकडा देऊ नकोस, पल्ला दे. तिसऱ्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. इशारा ऐकला की माणूस आधी खातरजमा करतो, घरच्यांना गोळा करतो, मग निघतो. रात्री २ आणि दुपारी २ ची लोकसंख्याही वेगळी धर. दुपारी शाळेतली मुलं घरातही मोजली जात नाहीत ना, ते तपास.

पाणी २० मिनिटांत पोचत असताना खोली-वेगाचे नकाशे तासातासानं साठवलेस, तर पूर नेमका कधी आला हे मॉडेलला कळणारच नाही. १ ते ५ मिनिटांचं अंतर ठेव. आणि कमाल खोलीला कमाल वेगानं गुणू नकोस! दोन्ही एकाच क्षणी येतात असं नाही. दर टप्प्याला गुणाकार कर, मग त्यातला कमाल घे. तो ०.४ चौरस मीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की लहान मुलांचे पाय टिकत नाहीत. १.२ च्या पुढे धडधाकट माणसाचंही खरं नाही. छोटी गाडी तर ०.३ मीटर साचलेल्या पाण्यातही तरंगू लागते. विटांचं घर पूर्ण कोसळलं असं धरायला वेग किमान २ मीटर प्रतिसेकंद आणि गुणाकार किमान ७ लागतो. इमारतीखालच्या चौकटी जाळीत बंद केल्या असतील तर तिथला वेग शून्य येईल आणि घर उगाच शाबूत दिसेल. शेजारच्या चौकटीतला वेग घे.

सगळ्यात जास्त डोकेदुखी रस्त्यांची. दोन रस्त्यांची टोकं नकाशावर जुळलेली दिसतात, पण मध्ये अर्ध्या मीटरची फट असते. गाड्या तिथंच अडकतात आणि निकालात एकाच चौकात मृत्यूंचा ढीग दिसतो. पुलाची उंची जमिनीच्या नकाशावरून उचललीस तर नदीच्या तळाची येते, म्हणजे पूल पहिल्या मिनिटापासून पाण्याखाली! तिथं वरच्या रस्त्याची उंची हातानं घाल. मग एक रन पाण्याशिवाय काढ. त्यातही कुणी सुरक्षित ठिकाणी पोचत नसेल तर दोष रस्त्यांच्या फाईलमध्ये आहे, पुरात नाही.

शेवटी विलंबांचे आकडे त्यांच्या पल्ल्यात बदलत मॉडेलच्या १००० फेऱ्या काढ आणि नुसती सरासरी देऊ नकोस. थोड्या भयंकर फेऱ्या तिला वर ओढतात, म्हणून १०, ५० आणि ९० वा शतमक (तितके टक्के फेऱ्या ज्या आकड्याच्या खाली राहतात तो) शेजारी मांड. नव्वदावा फार फुगला असेल तर त्या फेऱ्यांमधला इशाऱ्याचा विलंब आधी पाहा.

रस्त्यांची फाईल पाठव, तुटकी टोकं शोधून देतो.

तुझा,
मिलिंद