ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या ताडपत्रीवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही, ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील. पण हे चारचौघांनीही वाचावं असं वाटलं, म्हणून उघडपणे लिहितेय. आम्ही नुकतेच परतलोय. घरात चालताना अजून फरशी हलल्यासारखी वाटते, बोटांना सुई टोचल्याच्या खुणा आहेत. आत्ताच लिहिलं नाही तर पुढे ते भाषणासारखं होईल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची वीसेक फुटांची जुनी शिडाची होडी मांडव्याला असते. यंदाच्या थंडीत बेटाबेटाने जायचं ठरलं होतं. आधी घारापुरी, मग दक्षिणेला खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा किल्ला, पद्मदुर्ग, जंजिरा आणि परत. होडी धडधाकट, पण मोठं शीड ठिकठिकाणी उसवलेलं.

त्या शिडापायी आम्ही किती उंबरे झिजवले! एका दुकानात घडी उलगडायच्या आतच सांगितलं, नवीन घ्या, बाहेरून मागवू, सीझन संपायच्या आत येईल की नाही सांगता येत नाही. दुसरीकडे एसी ऑफिस, काचेच्या टेबलावर चकचकीत कॅटलॉग, अ‍ॅडव्हान्स आधी. तिथून शीड परत आलं ते चिकटपट्टी लावून आणि वरून सरळ टीप मारून. पहिल्याच वाऱ्याला ती टीप अख्खी उसवली. फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही वारा जास्त घेतला असेल.’ वारा घ्यायचा नसेल तर मी शिडाऐवजी चादर बांधली असती! होडीवाल्या ओळखीच्यांनी सल्ले भरपूर दिले, सगळ्यांचा मथितार्थ एकच, की हा हौसेचा खेळ आहे आणि हौसेला मोल असतं.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. खरं सांगते, काका, रिक्षात ते गाठोडं घेऊन येताना मला काही आशा नव्हती. तुमच्या दुकानात ट्रकच्या ताडपत्र्या, पावसाळी छपरांचं कापड, मंडपाच्या कनाती. तुम्ही शीड आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतात आणि तसं सरळ बोलून दाखवलंत. तेवढ्यावरच मी निम्मी निवांत झाले.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर शीड पसरायला नकार दिला होता. का, ते त्यांनाच ठाऊक. तुम्ही म्हणालात, बाजार उठू दे. रात्री दुकानांची शटर पडल्यावर तुम्ही रस्ता झाडून घेतलात, खाली प्लास्टिक अंथरलंत आणि दोन मजले उंचीचं ते पांढरं कापड गल्लीत पसरलंत. चप्पल काढून त्यावर गुडघ्यांनी फिरत एकेक शिवण नखाने खरवडून पाहिलीत. नखाखाली दोऱ्याचा भुगा होत होता. तेव्हा म्हणालात, ‘कापड अजून बरं आहे. दोरा मेलाय.’

एवढ्या शहाण्या लोकांपैकी कुणीच हे सांगितलं नव्हतं. शिडाचं कापड इतकं घट्ट विणीचं आणि कडक असतं की टाके त्यात रुतत नाहीत, वरच उघडे राहतात. म्हणजे ऊन आधी दोऱ्याला खातं, कापडाची पाळी नंतर येते. शिवाय सरळ टिपेला लवचीकता नसते. ताण आला की दोरा तुटतो आणि छिद्रांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी फाटत जाते. तिथे नागमोडी टीपच हवी. तुमचं मशीन सरळच शिवणारं. मग तुम्ही सूनबाईंचं साड्यांना पिको करायचं मशीन वापरायचं ठरवलंत. त्यात जाड सुई घातलीत आणि दोघी-तिघींनी शीड गुंडाळून धरलं, तेव्हा कुठे ते मशीनखालून सरकलं. जाड कोपरे तुम्ही हाताने शिवलेत. आमचं शीड पिकोच्या मशीनवर शिवलंय हे मी आता प्रत्येकाला सांगते, न विचारताही.

जाताना सगळं सुरळीत झालं. पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा, दोन्ही आमच्या सोयीचे. खांदेरीवर वेतोबाचं दर्शन घेतलं, त्या धातूसारख्या वाजणाऱ्या दगडावर खडा आपटून पाहिला. मुरुडला जंजिरा नेहमीसारखाच गर्दीने भरलेला होता, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पद्मदुर्ग मात्र होडीतून पाहावा. समुद्राने तटाचे दगड झिजवलेत, पण मधला चुना तसाच उभा आहे.

परतीला तोच वायव्येचा वारा तोंडावर. अशा वेळी शिडाची होडी सरळ जात नाही, वाऱ्याला तिरकी धरत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी न्यावी लागते आणि सगळा ताण शिडाच्या मागच्या कडेवर येतो. खांदेरी-उंदेरीच्या बाहेर दुपारी वारा वाढला आणि वरच्या बॅटनच्या, म्हणजे शीड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्टीच्या, टोकाशी कापड टरकलं. तुमची शिवण नव्हे, काका. तिथे तुम्ही हातच लावला नव्हता आणि देताना बजावलंही होतंत, ‘या टोकाचं कापड दमलंय, लक्ष ठेवा.’

शीड उतरवलं. बाजूने एक स्पीडबोट गेली, त्यातल्या मंडळींनी हात हलवले, आमचा व्हिडिओ काढला आणि लाटा उडवून निघून गेली. असो. आमच्या यजमानांनी सुकाणू धरलं, मी शिडाची पिशवी दोरीसाठी उपसायला घेतली, तर आतल्या खिशात ती पुडी हाताला लागली.

प्लास्टिकच्या आत चामड्याचा तुकडा. त्यात ओळीने टोचलेल्या जाड सुया. प्रत्येकीत मेण लावलेला दोरा ओवलेला, टोकाला गाठसुद्धा मारलेली. सोबत त्याच पांढऱ्या कापडाची दोन ठिगळं, कोपरे गोल कापलेली, म्हणजे पुढे कोपऱ्यातून उचकटू नयेत.

काका, मला घरी, सोफ्यावर बसून, दिव्याच्या उजेडात एका झटक्यात दोरा ओवता येत नाही. तिथे होडी कलंडत होती, चष्म्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब वाळले होते आणि हात थरथरत होते, ते थंडीने नव्हे. नुसती सुई आणि रीळ मिळालं असतं तर मी ते हातात धरून बसले असते. ओवलेली सुई मिळाली आणि मी शिवायला लागले. चामडं तळहातावर धरून सुई दाबायची हे आपोआप सुचलं, तुम्हाला कोपरे शिवताना तसंच करताना पाहिलं होतं. टाके वेडेवाकडे पडले. शीड पुन्हा चढलं, आणि अंधार पडायच्या आत आम्ही मांडव्याला लागलो.

घरी आल्यावर तुम्हाला फोन केला तर तुमचा पहिला प्रश्न, ‘दोरा पुरला ना?’ मी विचारलं, तुम्ही तर भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसलात तरी तुम्हाला मळमळतं, मग हे सुचलं कसं? तर म्हणालात, हायवेला उभ्या ट्रकवर चढून वाऱ्या-पावसात ताडपत्री शिवावी लागते, तिथे दोरा ओवता येत नाही, म्हणून आम्ही खालूनच ओवून नेतो. एवढंच. जणू कुणीही हे केलं असतं. नाही हो काका. शीड फाटलं तर काय, याचा विचार बऱ्याच जणांनी केला होता. ते फाटेल तेव्हा ही बाई कशी बसलेली असेल, तिला काय दिसत असेल, तिची बोटं काय करू शकतील, हा विचार फक्त तुम्ही केलात. तोही न सांगता, बिलात न लावता.

खांदेरीजवळून जाताना यजमान इतिहास सांगत होते. १६७९ मध्ये महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला, आणि आपल्या छोट्या, उथळ तळाच्या होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून रसद पोचवत राहिल्या. मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं आपण अभिमानाने घेतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, खांदेरी जागतिक वारसा यादीत गेलं. पण आरमाराची पहिली जहाजं इथेच, आपल्या शेजारी कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठी बांधली गेली आणि त्या सगळ्यांना शिडं लागली असतील ना? ती शिवणाऱ्या एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. तुमचंही मी इथे लिहिलेलं नाही, पण ते तुम्ही ‘दुकानात गर्दी नको’ म्हणालात म्हणून.

त्या एसी ऑफिसमधून परवा मेसेज आला, सेवेबद्दल अभिप्राय द्या, पाच तारे. दिलाय अभिप्राय.

आता कामाचं. पुढचं लहान शीड, जिब, त्याचाही दोरा मेलाय. नख लावून पाहिलं मी, तुमच्यासारखं. वरच्या बॅटनजवळचं माझं शिवणकामही उसवून तुमच्या हातून नीट करून घ्यायचंय, हसलात तरी चालेल. रविवारी बाजार उठल्यावर घेऊन येते. आणि या वेळी सूनबाईंच्या मशीनचे पैसे वेगळे घ्यायचे. मागच्या वेळी त्यांनी नको म्हटलं, तुम्ही विषय बदललात, मी गप्प बसले. आता तसं चालणार नाही. साडीच्या पिकोचा जो दर असेल तो कडेच्या मापाने लावा, शिडाची कड लांब आहे.

तुमची,
नौपाड्याची होडीवाली बाई