आईच्या रिपोर्टबद्दल, तुम्हा दोघांना

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. फोन लावला की आई "आम्ही बरे आहोत, तू जेवलीस का" एवढंच म्हणते आणि बाबा, तुम्ही तर फोन हातात घेतच नाही. परवा शेजारच्या काकूंनी सांगितलं की तुम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओसरीवर मोबाईल घेऊन बसता, आणि आईने साखर सोडलीय, ताक सोडलंय, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं म्हणून. ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. हे पत्र बाबा तुम्ही मोठ्याने वाचा, आईच्या डोळ्याला ताण नको.

बाबा, नेटवर तुम्ही जे शोधताय ना, फुफ्फुसाचा कॅन्सर, किती महिने जगतात वगैरे, ते सगळं दुसऱ्याच आजाराचं आहे. आईचा आजार फुफ्फुसात सुरू झालाय एवढंच साम्य, बाकी त्याची जातच वेगळी. हा लिम्फोमा आहे. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या बी पेशींचा एक गट वाजवीपेक्षा जास्त वाढत राहिला, तो हा. रिपोर्टवर लिहिलंय 'एक्स्ट्रानोडल मार्जिनल झोन लिम्फोमा, मॉल्ट टाइप' (मॉल्ट म्हणजे पोट, फुफ्फुस अशा अवयवांच्या आतल्या अस्तराजवळची या पेशींची वस्ती), आणि खाली सीडी ट्वेंटी पॉझिटिव्ह, म्हणजे बी पेशींची खूण सापडली. फुफ्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये असा एकसुद्धा सापडत नाही इतका तो दुर्मिळ, म्हणून तुमच्या व्हिडिओंमध्ये तो येतच नाही. आणि लिम्फोमा जेव्हा फुफ्फुसातच सुरू होतो तेव्हा शंभरातले सत्तर ते नव्वद याच मवाळ जातीचे असतात.

आई, तू दवाखान्याच्या पायरीवर बसून विचारलंस ना, मी कधी मिसरीसुद्धा लावली नाही मग मलाच का. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आता थोडं देते. निरोगी मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात या पेशींची वस्ती जवळपास नसतेच, आत वर्षानुवर्षं काहीतरी धुमसत राहिलं की ती तयार होते आणि त्यातूनच कधीतरी एखादा गट हाताबाहेर जातो. तुझं तोंड कोरडं पडतं, भाकरीचा घास ताकाशिवाय उतरत नाही, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, हे आपण दहा वर्षं वय झालं म्हणून सोडून दिलं. ते वयाचं नव्हतं, रक्ताच्या तपासणीत आलं ना, शोग्रेन आहे, अंगातली संरक्षणाची फौज आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते तो आजार. अशा लोकांना हा लिम्फोमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तू काही चुकीचं खाल्लंस, केलंस म्हणून झालेलं नाही हे. आणि बाबा, तुमच्या जुन्या विडीचंही मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, कारण तुम्ही ते मनाला लावून घेतलंय हे मला माहितीय. ते म्हणाले, त्यामुळे झालं असं म्हणायला काही आधार नाही. तेव्हा ते ओझं उतरवा.

टीबीच्या गोळ्यांचा विषय निघाला की अजूनही माझा संताप होतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एक्स-रे काढला, उजव्या बाजूला डाग दिसला, बेडक्याची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली तरी एकेटी, म्हणजे टीबीचं औषध, चालू केलं, आणि तीन महिने आईने लघवी केशरी होते, मळमळतं, तोंड कडू पडतं हे सगळं एक शब्द न बोलता काढलं आणि डाग तसूभर हलला नाही. तुकडा काढून तपासायला तेव्हाच पाठवायला हवं होतं. पण पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी मला स्क्रीनवर सीटी दाखवला तेव्हा एवढं मात्र पटलं की हा आजार भल्याभल्यांना चकवतो. पांढरा ढगासारखा डाग, आणि त्याच्या आतून श्वासाच्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या सरळ गेलेल्या. म्हणजे पेशी नळ्यांच्या भोवतीने पसरल्यात, नळ्या उघड्याच आहेत. न्यूमोनियातही असंच दिसतं, टीबीतही दिसू शकतं. न्यूमोनिया असता तर आठ-पंधरा दिवसांत ताप, कफ, धाप काहीतरी झालं असतं, इथे महिनोन् महिने डाग जागच्या जागी आणि आई रोज पाणी भरतेय, पापड लाटतेय. निम्म्याच्या आसपास लोकांना तर काहीच त्रास नसतो, असाच दुसऱ्या कारणाने काढलेल्या फोटोत सापडतो. दुर्बिणीतून घेतलेला पहिला तुकडा पुरला नाही, मग सीटीखाली सुई घालून घ्यावा लागला, तेही या आजारात नेहमीचंच आहे म्हणे, कुणाची चूक नाही.

आणि आई, तुला एंडोस्कोपीचा सगळ्यात राग आला होता, छातीच्या दुखण्याला पोटात नळी कशाला म्हणून. याच जातीचा लिम्फोमा सगळ्यात जास्त जठरात होतो, कधी दोन्हीकडे एकदम असतो, म्हणून बघितलं. पोट स्वच्छ आहे. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे सगळ्या अंगाच्या फोटोत, आणि बोनमॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजातही, बाकी कुठे काही नाही. जठरातला तर बहुतेक वेळा एका जंतूमुळे होतो आणि त्या जंतूवर अँटिबायोटिक दिलं की बऱ्याच जणांची गाठच विरघळते, हे १९९३ साली लक्षात आलं. फुफ्फुसात असा एक जंतू अजून पक्का सापडलेला नाही, नाहीतर आपणही तेच केलं असतं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. मॅडम म्हणाल्या "आत्ता औषध काही नाही, थांबून बघू" आणि त्या क्षणी बाबा तुमचा चेहरा उतरला तो मी बघितला. तुम्हाला वाटलं त्यांनी हात टेकले, घरी न्या म्हणतायत. बाबा, तुम्ही तीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपला काढलीत. इंजिनात बारीक आवाज आला म्हणून तुम्ही लगेच इंजिन उतरवायचा नाहीत, गाडी चढ घेते का, तेल जळतं का, धूर येतो का बघायचात आणि रजिस्टरला नोंद करून पुढच्या फेरीला पुन्हा कान लावायचात. मॅडम तेच करतायत. या आजारात आईसारखा काही त्रास नसलेल्या माणसाला लगेच औषध देऊन आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि औषधाचा त्रास मात्र होणारच. एके काळी हे असे डाग वर्षानुवर्षं हलत नाहीत म्हणून डॉक्टर त्याला खरा लिम्फोमासुद्धा मानायचे नाहीत, स्यूडोलिम्फोमा म्हणायचे, म्हणजे नकली. १९८३ साली इंग्लंडमध्ये आयझॅक्सन आणि राइट या दोघांनी मॉल्ट ही जात ओळखली, त्यानंतर हळूहळू उलगडा झाला.

आकडे तुम्ही शोधणारच, म्हणून मीच देते. पाच वर्षांनी शंभरातले ऐंशीहून जास्त लोक हयात असतात, काही ठिकाणी नव्वदच्या आसपास. अर्ध्याहून जास्त लोक दहा वर्षांच्या पुढे जातात, आणि हे निदानाच्या वेळी साठीत असलेल्यांचे आकडे आहेत, त्यात हार्टने गेलेलेही आले. खोटा धीर मी देणार नाही. हा कायमचा गेला असं सहसा कुणी लिहून देत नाही, वाढू शकतो, बरा झाल्यावर चार-सहा वर्षांनी परत येऊ शकतो, तिथेच किंवा लाळेच्या ग्रंथीत, डोळ्याजवळ, पोटात. थोड्या लोकांत, शंभरात दहापेक्षा कमी, तो जोरात वाढणाऱ्या जातीत बदलतो. म्हणून तर तारखेला सीटी चुकवायचा नाही.

आणि उद्या लागलंच तर औषध आहे. रिटुक्सिमॅब, सीडी ट्वेंटीची खूण असलेल्या पेशींनाच जाऊन धरतं. बहुतेक आठवड्याला एक असे चार डोस, सलाईनमधून. पहिला डोस खूप हळू सोडतात, थंडी-ताप येऊ शकतो म्हणून आधी गोळी-इंजेक्शन देतात, आणि नुसत्या याने केस जात नाहीत (आई, हे तुझ्यासाठी). त्याआधी हिपॅटायटिस बी बघावं लागतं, ते आपण केलंय, निगेटिव्ह आहे. भारतात बनलेलं २००७ पासून मिळतं, पैशांची चिंता करू नका, शेत विकायचं नाव काढायचं नाही.

तर आता घरी काय करायचं. दर महिन्याच्या एक तारखेला आईने गिरणीतल्या काट्यावर वजन करायचं आणि बाबांनी कालनिर्णयवर मागे लिहायचं. वजन उतरायला लागलं, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम आला, आठ दिवस ताप हटला नाही, जिना चढताना धाप लागली, किंवा कानाखाली, जबड्याजवळ, मानेत गाठ लागली तर त्याच दिवशी मला फोन. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस मॅडमनी लिहून दिलीय ती घ्या. ताक प्यायचं, चहात साखर घालायची, साखरेने हा वाढतो हे खरं नाही आणि तोंड कोरडं असताना ताक बंद केलं तर तू जेवणार काय आई. तो मागवलेला काढा मात्र घेऊ नका, बाटलीवर आत काय आहे तेसुद्धा लिहिलेलं नाही, लिव्हरवर आलं तर पुढचं औषधच अडेल. मी आले की बाटली मला दाखवा.

पुढचा सीटी तीन महिन्यांनी, चांगला आला तर मग सहा-सहा महिन्यांनी. येताना जुना एक्स-रे धरून सगळ्या फिल्म आणा, नुसते रिपोर्ट नकोत, मॅडमना मागचं-पुढचं शेजारी लावून बघायचं असतं. फलटणहून पहाटेची गाडी धरा, मी स्वारगेटला उभी असेन.

आणि हो, ज्याच्यासाठी तो पहिला एक्स-रे काढला ते आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहूनच गेलंय. मी विचारलं, मॅडम म्हणाल्या खुशाल करा, काही अडचण नाही. बाबा, सोमवारीच जाऊन डाव्या डोळ्याची तारीख घ्या, मी रजा टाकते.

तुमची,
मनू