गंज रचायला शिकवणाऱ्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गौरी-गणपती होऊन गेले, पाऊस ओसरत आलाय आणि आमच्या गंजीत, म्हणजे पेंढ्या रचून केलेल्या उंच राशीत, कडबा अजून शिल्लक आहे. यंदाच्या पावसाळ्यात एक पेंढीसुद्धा विकत आणावी लागली नाही. हे तुमच्यामुळे झालं. तोंडावर सांगितलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून उठून जाता, म्हणून चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आबांचा खुबा मोडला तो ऐन फाल्गुनात. ज्वारी काढून झाली होती, मालदांडी ज्वारीचा कडबा बुचाडं लावून, म्हणजे पेंढ्या एकमेकींना टेकवून, रानात उभा होता. दरवर्षी गंज आबाच रचायचे. आम्ही खालून पेंढ्या फेकायचो, एवढंच आमचं काम. पुण्याजवळच्या आपल्या यवत-उरुळीच्या पट्ट्यात गंज रचणारे हात आता थोडेच उरलेत. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. आबांना बघायला आलात आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रानात हजर.

गोठ्यामागची विजेच्या तारेखालची जागा तुम्ही बघताक्षणी मोडीत काढलीत. मोकळ्यावर दगड मांडले, त्यावर बाभळीची लाकडं, त्यावर उसाचं पाचट. अरुंद बाजू पश्चिमेला, कारण आपल्याकडे झड तिकडूनच येते. बुडखे बाहेर, शेंडे आत. मधला भाग कायम उंच ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या पेंढ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या राहतात आणि पाणी निथळून जातं. मधे खळगा राहिला तर तेच पाणी आत ओढलं जातं. हे तुम्ही मला वर चढवून, माझ्या हातानं करून घेतलंत. सुनेला गंजीवर चढवलेलं पाहून काहींनी नाकं मुरडली. तुम्ही तिकडं लक्षच दिलं नाहीत, त्याचे आभार वेगळे.

पण खरी शिकवण लसूणघास, म्हणजे गाईंचा हिरवा चारा, वाळवून ठेवायची. खडकवासला धरणाच्या कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की उन्हाळ्यातही घास माजतो, गाई खाऊन उरतो. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही शेती-पशुपालनाची संस्था उभी केली, तिथल्या चाऱ्याच्या प्लॉटवर तुम्ही तरुणपणी कामाला होतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फुलं दिसायला लागली की कापायचा, पातळ पसरायचा आणि पालटायचा तो पहाटे, पान मऊ असताना. दुपारी हात लावला की पानं झडतात, हातात नुसती काडी राहते. आणि पानातली प्रथिनं देठाच्या दुपटीहून जास्त! भर उन्हात फार वेळ ठेवला तर हिरवा रंग उडतो, रंगाबरोबर जीवनसत्त्वही जातं. म्हणून अर्धवट सुकला की त्याचे लहान लहान ढीग करून वाऱ्यावर सोडायचे.

वाळला की नाही हे ओळखायची तुमची रीत मी आता सगळ्यांना दाखवते. काचेच्या कोरड्या बरणीत घासाचे तुकडे आणि कोरडं मीठ घालून चांगलं हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर साठवायला हरकत नाही. गोळा झालं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. ओला चारा रचला की आतून तापतो, बुरशी धरतो, कधी कधी काही आठवड्यांनी पेटही घेतो. बुरशीचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच नाही, पुण्यातलीही पोरं पितात. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. म्हणून तर रोज सकाळी गंजीत लोखंडी सळई खुपसून, थोड्या वेळानं काढून, हाताला गरम लागते का ते बघायला लावलंत.

मे महिन्यात वळीव आला त्या संध्याकाळी घास खळ्यावर होता. तुमच्या कांदा साठवायच्या चाळीला बांधायला आणलेली नवी ताडपत्री घेऊन तुम्ही धावत आलात. तुमचा कांदा उघडा राहिला, आमचा घास झाकला गेला. याची परतफेड कशी करायची ते मला अजून सुचलेलं नाही.

आषाढात या वाळल्या चाऱ्याची किंमत कळली. कोवळं पावसाळी गवत म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. नुसतं तेच घातलं की गाई पातळ शेण टाकतात, रवंथ कमी होतो आणि दुधाला फॅट, म्हणजे स्निग्धांश, बसत नाही. यंदा प्रत्येक दुभत्या गाईला रोज ६ ते ८ किलो कोरडी वैरण मिळाली. कडब्याची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, आणि वर मूठभर वाळला घास. डेअरीवर फॅट ३.५ च्या खाली गेलं नाही. कालवडींना मात्र हात आखडता न घेता घास घातला, त्यांच्या अंगावरची तकाकी तुम्ही येऊन बघाच.

आबा आता काठीनं गोठ्यापर्यंत येतात. गंजीभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, ‘तात्याचा हात आहे.’ पुढच्या फाल्गुनात तुम्ही दोघांनी बाजेवर बसून नुसतं सांगायचं. वर मी चढेन. शेजारच्या दोन मुलींनाही शिकायचं आहे, त्यांना मी हो म्हणून बसले आहे. आणि चाळीसाठी नवी ताडपत्री घेऊन ठेवली आहे, ती नाही म्हणू नका.

आपली,
आबांची धाकटी सून