पुनर्विकासात वन बीएचके गेले कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोथरूडमध्ये सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी इमारत पत्र्यांच्या आड गेलेली दिसते. ऐंशीच्या दशकातल्या, बिनलिफ्टच्या तीन मजली सोसायट्या त्या. पाडायला हव्याच होत्या. आमची सोसायटीही त्यांतलीच आणि ठरावाला मी हात वर केला होता. तक्रार आहे ती तिथे पुन्हा काय उभे राहते याबद्दल.

जुन्या इमारतीत बहुतेक वन बीएचके होते, त्यांतले निम्मे भाड्याने दिलेले. जवळच्या हॉस्पिटलातली नर्स, नुकतेच नोकरीला लागलेले जोडपे, तळमजल्यावर डबे करणाऱ्या काकू अशी बिऱ्हाडे होती. नव्या नकाशात सगळ्यात लहान फ्लॅट टू बीएचके, बाकी थ्री आणि फोर. बांधकाम दुपटीहून जास्त, बिऱ्हाडे मात्र जेमतेम दीडपट! सभांमध्ये वाद झाले ते जादा कार्पेट (फ्लॅटच्या आतली वापराची जागा), कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि दुसऱ्या पार्किंगवरून. 2019 च्या शासन निर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते; भाडेकरूला कोण विचारतो? काकूंना थेट घर रिकामे करायची तारीखच कळली. त्या आता शहराच्या टोकाला, नऱ्ह्याला राहतात, डब्याची गिऱ्हाइके इकडेच राहिली.

2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, छोट्या घरांची तरतूद आहे, नाही असे नाही. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर मूळ अनुज्ञेय बांधकामाच्या 20 टक्के क्षेत्र अल्प उत्पन्न गटांच्या छोट्या घरांसाठी ठेवावे लागते. पण आमच्यासारख्या सोसायट्यांचे प्लॉट या आकड्याच्या आसपासही जात नाहीत. म्हणजे परवडणारी घरे व्हायची ती शहराच्या कडेला, मोठ्या लेआउटमध्ये. आणि वनाजची मेट्रो कोणासाठी? ज्यांच्या पार्किंगमध्ये दोन-दोन गाड्या आहेत त्यांच्यासाठी? 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर भागात छोटी घरे याच शहरात बांधली गेली होती.

छोटी घरे वाढली की पार्किंगचे काय, असे विचारले जाते. वास्तविक नियमच छोट्या फ्लॅटला कमी आणि मोठ्याला जास्त पार्किंग मागतो. पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, टँकर आमच्याही गल्लीत येतो.

बिल्डरला दोष देऊन उपयोग नाही. एका थ्री बीएचकेच्या जागी दोन छोटे फ्लॅट काढले तर स्वयंपाकघरे, संडास-बाथरूम वाढतात, खर्च वाढतो. गणित बसत नाही. ते बसवणे शासनाच्या हातात आहे. जादा एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटवर मूळ मर्यादेपेक्षा जास्त बांधकाम करण्यासाठी, प्रीमियम (शुल्क) घेतलाच जातो. 45 चौरस मीटरखालचे जेवढे फ्लॅट बांधले जातील तेवढ्या क्षेत्रावरचा प्रीमियम माफ करा, निदान निम्मा करा. आणि पूर्णत्वाचा दाखला देताना महापालिकेच्या अभियंत्याने आत जाऊन बघावे. नकाशात दोन वन बीएचके आणि प्रत्यक्षात मधली भिंतच नाही, हा प्रकार पुणेकरांना नवा नाही.

– एक सभासद, कोथरूड, पुणे