फुग्याच्या बंदुकीचा रंग उतरवून देणाऱ्या आमच्या नांदेडच्या चाचांना

चाचा, सलाम.

दुकानात तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ दे बेटा" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं लिहायलो, नातवाकडून वाचून घ्या.

बाबांची ही हवेच्या दाबावर चालणारी छऱ्याची बंदूक, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फुग्याच्या स्टॉलवर कितीतरी वर्षं चाललेली. दर मार्गशीर्षात यात्रेआधी बाबा तिला ऑइल पेंट मारायचे, दस्ता म्हणजे मागचा लाकडी भाग लाल, नळी चंदेरी, गर्दीत लांबून दिसली पाहिजे म्हणून. थरावर थर चढून लाकूडच दिसंना आणि पेंटाखाली ओल धरून नळी गंजायली. बाकी दुकानवाले म्हणले ग्राइंडर मारून स्प्रे करून देतो. तुम्ही म्हणलात, आधी आत काय आहे ते तर बघू.

आणि त्याच्याही आधी लायसनचं विचारलंत, हे मला फार पटलं. ०.१७७ इंचाची नळी आणि २० जूलच्या आतली ताकद, २०१६ च्या शस्त्र नियमात तिला लायसन लागत नाही, हे पक्कं झाल्यावरच हात लावलात. बारुदाची असती तर लायसनवाल्या कारागिराकडंच पाठवलं असतं म्हणलात.

कॉस्टिक सोडा तुम्ही जवळ येऊ दिला नाही, त्यानं रंग झटक्यात निघतो पण लाकूड काळं पडतं. रिमूव्हर लावायचा तोबी उघड्या अंगणात, फुगलेला पेंट लाकडी पट्टीनं काढायचा आणि उरलेला फुटक्या काचेच्या धारेनं, रेषेच्याच दिशेनं. ती काच तुम्ही माझ्या हातात दिलीत चाचा, स्वतः करून मोकळे झाला असतात तर तासाभराचं काम होतं. लालखालून शिसवी निघाली तेव्हा दुकानातली सगळी पोरं बघायला आली. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली की लाकूड फुगून वर येतं, हे मी तर पहिल्यांदाच बघितलं.

मला चकचकीत लाखेचं पॉलिश पाहिजे होतं. तुम्ही म्हणलात, घामाचा हात आणि पाणी लागलं की लाख पांढरी पडते, तेल लाकडात मुरतं आणि पुढं कुठं घासलं तर तेवढ्यावरच परत लावता येतं. मग आमच्या घाण्यावरचं जवसाचं तेल, अगदी पातळ हात, जास्तीचं पुसून काढायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात नाही. कच्चं तेल वाळायला लई वेळ घेतं, पण तुम्ही एकदाबी घाई करू दिली नाही. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप तापून पेटतात, दोरीवर पसरून वाळवायची, हे तर आता मी घरी सगळ्यांना सांगत फिरतो.

नळीला बारीक स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारेची लोकर, आणि तेल, एवढंच. आतली स्प्रिंग दाबात बसलेली असते म्हणून उघडू दिली नाहीत, आणि सिलेंडरमध्ये इंजिन ऑइल टाकू नको, हवेच्या दाबानं आत पेटतं, हेबी बजावलंत.

मजुरी घेतली नाहीत, नुसते सामानाचे पैसे घेतलेत, ते मला अजून पटलेलं नाही. फाल्गुनात नवीन जवस निघालं की घाण्यावरून तेलाचा डबा आणून ठेवतो, त्याला नाही म्हणायचं नाही. आईनं दस्त्यावरून हात फिरवून तुम्हाला दुवा दिल्यात, ते तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तुमचा,
फुगेवाल्याचा पोरगा