मंगळाचा हिशोब कोणी मांडलाय का?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिराती मी दोन वर्षं झाली भाचीसाठी वाचतेय. मुलगी इंजिनीअर आहे, स्वभावाने चांगली, तीन ठिकाणी पसंती झाली आणि तिन्ही वेळा पत्रिकेतल्या मंगळावर मोडलं. तिसऱ्या वेळी मुलाकडचे फोनवर म्हणाले, "मुलगी आवडलीये हो, पण रिस्क नको." त्या रिस्कबद्दलच लिहायचंय, कारण मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलंय.

कुंडलीत घरं 12. मंगळ 1, 4, 7, 8 किंवा 12 व्या घरात असला की पत्रिका मंगळाची, म्हणजे बारातली पाच घरं. तो कुठल्याही घरात सारखाच येऊ शकतो असं धरलं तर शंभरात 42 जणांना मंगळ निघतो, आणि एकाला आहे पण दुसऱ्याला नाही अशा जोड्या 144 मध्ये 70 म्हणजे जवळजवळ निम्म्या! आमच्या आजीच्या पिढीत कित्येकांची जन्मवेळच कोणी लिहून ठेवली नव्हती, त्यांची लग्नं अशीच झाली असणार ना, कोणाला पत्ता नसताना. कोणी म्हणेल गुरूची दृष्टी असली, मंगळ स्वराशीत असला की दोष जातो. मान्य, पण मग पत्रिका उघडल्या उघडल्या नकार का देता?

2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर सरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत ज्योतिषाची चाचणी घेतली होती. 100 हुशार मुलं आणि 100 मतिमंद मुलं यांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40, फक्त ओळखायचं की ही कोणाची. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सगळ्यात जास्त बरोबर आली ती 40 पैकी 24. एका संस्थेने तर सगळ्या 200 तपासल्या, 102 बरोबर. आता 27 जणांना 40-40 वेळा नाणं उडवायला लावलं तरी त्यातल्या तीन-चार जणांना 24 किंवा जास्त वेळा छापा पडेल, हे कोणीही घरी करून बघावं.

मी देव मानते. दर आषाढीला पंढरपूरला जाते, विठ्ठलापुढे उभी राहते तेव्हा मी काही मोजत नाही आणि कोणी मोजूही नये. पण "हिच्याशी लग्न केलं तर मुलाच्या जिवाला धोका" असं कोणी सांगितलं की ती श्रद्धा राहत नाही, ते भाकीत झालं, आणि भाकीत मोजता येतं. मंगळाची मुलगी आणि नवरा गेला ही गोष्ट गावभर फिरते, मंगळ असून पन्नास वर्षं संसार केलेल्यांची गोष्ट कोणी सांगतच नाही, म्हणून लोकांना वाटतं दर वेळी तसंच होतं.

तुम्ही त्या जाहिरातींच्या पानावर हा पाच घरांचा हिशोब एका चौकटीत छापाल का? भाचीला बघायला पुढच्या रविवारी चौथं स्थळ येतंय. त्याआधी छापलंत तर मुलाच्या आईपुढे कात्रण ठेवता येईल, नाहीतर मी वहीत मांडून दाखवणारच आहे.

एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर